परत न येणारे बूमरँग

एखाद्याचा डाव त्याच्यावरच उलटला, की आपण सहज म्हणतो, ‘बूमरँग झाले!’ हा शब्द मूळचा ऑस्ट्रेलियातल्या सिडनी परिसरातील धारुग या आदिवासी भाषेतला. गंमत अशी, की तिथली बहुतेक बूमरँग परत येतच नाहीत. ती शिकारीची, जड आणि वाकडी. परत येणारी हलकी. खेळायला किंवा पाखरे उठवायला. १७८८ मध्ये इंग्रजांनी सिडनीला वसाहत केली. पुढच्याच वर्षी देवीच्या साथीने माणसे गेली, मग जमिनी गेल्या, हळूहळू भाषाही मुकी झाली. तिचा हा शब्द मात्र जगभर फिरला. आज धारुगांचे वंशज ती भाषा पुन्हा शिकत आहेत. हरवलेली भाषा आपोआप परत येत नाही. ती आणावी लागते.