जागेचं भाडं, हात आपले

सकाळी सात. मुंबईत आरे चेक नाक्यावरून आरे दूध कॉलनीत शिरलं की या वेळी दोनच प्रकारची माणसं भेटतात. चालायला आलेली आणि दूध घालून परतणारी. दुसऱ्यांच्या मोटारसायकली लांबूनच ओळखू येतात. दोन्ही अंगांना कॅन, बसलेले शॉकअप, मागचा टायर मध्येच सपाट झिजलेला. 40 लिटरचे दोन कॅन भरले की नुसत्या दुधाचंच वजन ऐंशी किलोच्या वर जातं. अशी ओझी वाहूनही त्या चढ चढतात आणि माझी स्प्लेंडर रिकाम्या अंगानं दमते. मूठ पिळली की इंजिन बोंबलतं, गाडी मात्र जागच्या जागी रेंगाळते. क्लच प्लेट संपल्या आहेत. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर रोज अर्ध्या क्लचवर सरकणाऱ्या गाडीचं दुसरं काय होणार?

साडेसात. गॅरेज एका तबेल्याच्या मागच्या बाजूला, पत्र्याचं. मिस्त्री साताऱ्याकडचे. आमचा सौदा सरळ आहे. एक कोपरा, सपाट कोबा, हत्यारांची पेटी, दिवसाचे पाचशे रुपये. हात माझे. अडलं तर तोंडी सल्ला फुकट, मिस्त्रींनी पाना हातात घेतला तर मजुरी वेगळी. पाना हरवला तर भरून द्यायचा. "घड्याळ, अंगठी काढून ठेवा आधी," ते म्हणतात आणि आपल्या कामाला लागतात.

मुंबईत पाने विकत मिळतात, सुटे भाग मिळतात, कसं करायचं ते शिकवणारे व्हिडिओ ढिगानं आहेत. मिळत नाही ती सहा बाय आठ फुटांची जमीन. सोसायटीच्या पार्किंगमध्ये इंजिनचं झाकण उघडलं की वॉचमन येतो, त्याच्यामागून सेक्रेटरी येतात. दोघांचंही चूक नाही, ऑइलचा डाग फरशीवरून वर्षभर जात नाही. रस्त्यावर बसावं तर ती वाट चालणाऱ्यांची. जर्मनीत लिफ्टसकट जागा तासाच्या भाड्यानं देणाऱ्या कार्यशाळा आहेत. अमेरिकी लष्कराच्या तळांवर सैनिकांना आपली गाडी आपण दुरुस्त करता यावी म्हणून अशी सोय असते. आपल्याकडे अंधेरीत मेकर्स असायलम ही 2013 साली सुरू झालेली सामायिक कार्यशाळा होती, लाकडापासून इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत सगळी हत्यारं एका छताखाली. तीही पुढे गोव्याला गेली. उरले असे ओळखीचे मिस्त्री.

आठ. इंजिन कोमट आहे तोवर ऑइल काढायचं, म्हणजे तळाचा गाळही सोबत येतो. खाली पसरट तसराळं ठेवलं. मग फूटरेस्ट, किक, क्लच केबल. उजव्या झाकणाचे बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात, आणि लांब बोल्ट आखूड जागी कसला की ॲल्युमिनियमचे आटे गेलेच म्हणून समजा. यावर गॅरेजातली युक्ती अशी: पुठ्ठ्यावर झाकणाची आकृती काढायची आणि निघेल तो बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेवायचा. झाकण निघत नसेल तर लाकडी हातोडीनं कडेकडेनं ठोकायचं. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालणाऱ्याच्या इंजिनातून पुढे जन्मभर ऑइल झिरपतं, कारण चरा पडलेल्या कडेवर कुठलंही पॅकिंग नीट बसत नाही.

झाकण निघालं. क्लचच्या शेजारी क्रँकच्या टोकाला एक गोल डबी दिसते. या गाडीत कागदी ऑइल फिल्टर नाही. ही डबी इंजिनबरोबर गरगरते आणि ऑइलमधला जड कचरा कडेला फेकून तिथंच दाबून धरते. घाईतल्या सर्व्हिसिंगमध्ये ती उघडलीच जात नाही. तिचे स्क्रू हट्टी असतात. साध्या ड्रायव्हरनं त्यांची डोकी खराब होतात, म्हणून इम्पॅक्ट ड्रायव्हर लावून वरून हातोडीचा एक घाव. आत बोटभर काळा चिखल होता, काजळासारखा मऊ. रॉकेल, ब्रश, चिंधी, पुन्हा रॉकेल. वेळ इथंच जातो, आणि मिस्त्रीला इथला वेळ परवडत नाही. गिऱ्हाईक क्लचचे पैसे देतं, डबी पुसण्याचे कोण देणार? स्वतः बसण्यातला खरा फायदा मला हा वाटतो. पैसे फार वाचत नाहीत, काम मात्र पुरतं होतं.

साडेदहा. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करायचे. एकच पूर्ण काढला तर प्लेट तिरकी होते. मग सर्क्लिपची पक्कड. अस्तराच्या प्लेट गुळगुळीत, जळका वास मारणाऱ्या. स्टीलच्या प्लेटवर निळसर झाक, म्हणजे तापल्या होत्या. त्या काचेवर ठेवून वाकल्यात का ते पाहायचं. एक डुलली. सगळा संच बदलायचा ठरला.

अकरा. चहा. माझं एक झाकण निघेपर्यंत मिस्त्रींनी एका दूधवाल्याच्या मागच्या चाकाचं बेअरिंग बदललं, एका डिलिव्हरीच्या पोराला ब्रेक लायनर टाकून दिले आणि एकाला नुसत्या आवाजावरून "कोन सेट गेलाय" सांगून वाटेला लावलं. हातानं करण्याची हौस ज्यांना आहे त्यांनी हे जरूर पाहावं. आपण अर्धे मिस्त्री झालो हा भ्रम राहत नाही.

दुपारी एक. नव्या प्लेट इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवल्या, कोरड्या बसवल्या तर पहिल्याच दिवशी जळतील. त्या भिजेपर्यंत डबा. समोर तबेला. 1949 साली सरकारी दूध खात्याचे अधिकारी दारा खुरोडी यांनी शहरातल्या म्हशी बाहेर काढून या टेकड्यांवर आणायचं मनावर घेतलं तेव्हा सरकारनं म्हशी विकत घेतल्या नाहीत. गोठे बांधले, पाण्याची-चाऱ्याची सोय केली आणि म्हैसवाल्यांकडून जागेचे पैसे घेतले. म्हैस मालकाची, गोठा सरकारचा. खुरोडींना 1963 साली कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कॉलनीबद्दल पुढे पुष्कळ वाद झाले, पण ज्याच्याकडे जनावर आहे आणि जागा नाही त्याला जागा भाड्यानं द्यायची, हा मूळ हिशेब पक्का होता. जनावराच्या जागी गाडी घाला, माझा कोपरा तयार होतो.

तीन. बसवणं उलट क्रमानं, पण ब्लेडनं जुनं पॅकिंग खरवडायला पुन्हा अर्धा तास. पुठ्ठा समोर, बोल्ट आपापल्या जागी. ऑइल सुमारे 900 मिली, मोटारसायकलचंच, डब्यावर जासो एमए लिहिलेलं. या गाडीत क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये भिजत राहतो. कारसाठीचं निसरडं ऑइल ओतलं तर नव्या प्लेटही घसरतील. क्लचच्या दांडीला टोकाशी दहा ते वीस मिलिमीटर ढील.

पाच. पिकनिक पॉइंटच्या चढावर फेरी. मूठ पिळली, गाडी गेली. परत येऊन झाकणाच्या कडेवरून कोरडं बोट फिरवलं. गळती नाही.

सहा. मिस्त्री अंधाराच्या आत शटर ओढतात. 2021 च्या सप्टेंबरात इथं बिबट्याचे हल्ले झाले, तेव्हापासून उशिरा थांबायचं नाही हा नियम. त्याआधी शेवटचं काम: जुनं ऑइल गाळून पिंपात. वापरलेलं ऑइल कायद्यानं घातक कचरा आहे, ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. आणि ओशिवरा नदी याच टेकड्यांत उगम पावते, इथं जमिनीवर सांडलेलं खाली गोरेगावात उतरतं. मिस्त्री तसराळं उलटं करून पाहतात, मगच पाचशेची नोट खिशात घालतात.

सोसायट्यांना आणि पालिकेच्या वाहनतळांना एक सुचवावंसं वाटतं. एका कोपऱ्यात कोबा घाला, ऑइलसाठी पिंप ठेवा, तासाचं भाडं लावा, हत्यारं अनामत घेऊन द्या. डाग पडेल तो तिथंच पडेल, आणि भाडं भरायला माणसं येतील. पहिला मी येतो.