कोसोंग नको, सिऊ दाई

सध्या मुक्काम सिंगापूरला, लेकीकडे. निघण्यापूर्वी रक्त तपासले, तर साखर पूर्वीपेक्षा वाढलेली. चाळीस वर्षे नर्सिंग केलेली बाई मी, पण स्वतःवर आले तेव्हा घाबरले. इथे पोचताच भात, चपाती, फळे, साखर सगळे एका दिवसात बंद केले. ग्लिमेपिराइडची गोळी मात्र नेहमीप्रमाणे चालू.

पाचव्या दिवशी सकाळी हात थरथरू लागले, घामाने ब्लाऊज भिजला. लेकीने यंत्र लावले, आकडा ३.४. इथली यंत्रे मिलिमोलमध्ये दाखवतात. १८ ने गुणायचे, म्हणजे आपले ६१. ७० च्या खाली गेले की साखर उतरली समजायचे. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायले, १५ मिनिटांनी पुन्हा तपासले, मग दोन बिस्किटे खाल्ली. दुसऱ्या कोणी असे केले असते तर मी चांगलीच रागावले असते! पोटात अन्न असो वा नसो, ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. म्हणून जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारून गोळीचे प्रमाण ठरवावे. आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, तडक इस्पितळ गाठावे.

आमच्या इमारतीखाली कोपीटियम आहे, आपल्या इराण्याच्या हॉटेलासारखे. नुसते 'कोपी' म्हटले की कंडेन्स्ड मिल्क घातलेली गोडमिट्ट कॉफी येते. 'कोसोंग' म्हणजे अजिबात गोड नाही. मधली ती 'सिऊ दाई', गोड कमी.

इथल्या सरकारनेही मधलाच रस्ता धरला. २०१६ साली मधुमेहाविरुद्ध युद्ध पुकारले, पण गोड पेयांवर बंदी घातली नाही. ३० डिसेंबर २०२२ पासून बाटल्या-डब्यांतल्या पेयांना ए ते डी असे दर्जे दिले. १०० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅमहून जास्त साखर असेल तर 'डी'. ते विकता येते, जाहिरात मात्र करता येत नाही. कंपन्यांनी मुकाट्याने साखर उतरवली. २०१७ मध्ये अशा पेयांतली मध्यम पातळी ७.१ टक्के होती, २०२३ मध्ये ४.६.

डॉक्टरांनी माझी गोळी कमी केली आणि दुपारी एक वाटी भात परत दिला. नव्याच्या सणाला चिकाच्या हलव्याची एक वडी खाणार, त्या दिवशी भात थोडा कमी. दारफळणीच्या उपासाचे त्यांना आताच विचारून ठेवले आहे. गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर तुम्हीही सणाच्या आधीच विचारा.