पाहुणे थांबतील, पास्ता थांबत नाही
लेखमाला : जगाची जेवणघरं (भाग ११)

इटालियन घरी रात्रीच्या जेवणाला बसलं की आधी जाणवतं ते टेबलावरचं मोकळेपण. पाव, पाणी, वाइनची बाटली आणि प्रत्येकापुढे एक रिकामी बशी, एवढंच. आपल्याकडे पान वाढून झालं की मीठ-लिंबापासून गोडापर्यंत सगळं जेवण एका नजरेत दिसतं. मग आग्रह सुरू होतो, वाढणारे फिरत राहतात आणि सगळ्यांची जेवणं उरकल्यावर बसतात. इटलीत पदार्थ एकामागून एक येतात. एक संपला की बश्या उचलायच्या, गप्पा चालूच ठेवायच्या, मग दुसरा आणायचा. हॉटेलांमुळे आपल्याला हा क्रम म्हणजे थाटमाट वाटतो. घरात त्याचा उपयोग वेगळाच आहे. या क्रमामुळे रांधणाऱ्या माणसाला पाहुण्यांबरोबर बसून गरम जेवता येतं. आजच्या भागात मला हेच पटवून द्यायचं आहे, आणि त्यासाठी आठ माणसांची एक संध्याकाळ पहिल्यापासून मांडून पाहू.

१० डिसेंबर २०२५ रोजी दिल्लीत भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत इटालियन स्वयंपाकाची नोंद मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात झाली. त्याच बैठकीत आपली दिवाळीही त्या यादीत गेली. इटलीला मिळालेला हा मान पिझ्झाचा किंवा लाझान्याचा नव्हता. एकत्र रांधायचं, एकत्र बसायचं आणि ते पुढच्या पिढीच्या हाती द्यायचं, या रीतीचा तो होता.

क्रम असा. आधी ‘आपेरितीवो’, म्हणजे भूक चाळवणारं पेय आणि बरोबर थोडं खारं काही. मग ‘आन्तीपास्तो’, जेवणाआधीचे छोटे पदार्थ. मग ‘प्रीमो’, ज्यात पास्ता, रिसोत्तो किंवा सूप येतं. त्यानंतर ‘सेकोन्दो’, म्हणजे मांस, मासे, अंडी किंवा चीजचा पदार्थ, आणि त्याच्या जोडीला भाजी. शेवटी फळं, गोड, कॉफी. रोज एवढं कोणी खात नाही, आणि पाहुणे असले तरी बहुतेक घरं यातला एखादा टप्पा गाळतात. पेल्लेग्रीनो आर्तूसी यांनी १८९१ मध्ये फ्लॉरेन्सला स्वखर्चाने छापलेलं पाकशास्त्राचं पुस्तक आजही इटालियन घरांत असतं. त्यात प्रत्येक महिन्यासाठी मेजवानीच्या याद्या दिल्या आहेत. त्या वाचताना छातीवर दडपण येतं. पण आर्तूसींच्या घरी रांधायला पगारी माणसं होती. आपण डोळ्यांसमोर ठेवायचं ते आजच्या बोलोन्यातलं किंवा नेपल्समधलं घर, जिथे दोघंही सहा वाजता कामावरून परततात.

अशा घराचा नियम साधा आहे : ऐनवेळी करायचा गरम पदार्थ एकच. बाकी सगळं आधी झालेलं असतं, आणि गार खाल्लं जातं म्हणून त्याला कमीपणा येत नाही. इटालियन स्वयंपाकाची ही बाजू आपल्याकडे फारशी पोहोचलेली नाही. आपल्याला गरमागरम वाढण्याची सवय आहे. आयत्या वेळी पोळ्या लाटणारं कोणीतरी आत उभं असतं, ते याच सवयीपायी. सिसिलीची ‘कापोनाता’ घ्या. तळलेली वांगी, सेलरी, टोमॅटो, ऑलिव्ह, केपर आणि वरून व्हिनेगर-साखरेचा आंबटगोड हात. ती केल्या दिवशी खाण्यात अर्थ नाही, दुसऱ्या दिवशी मुरल्यावर तिची चव लागते. लाल ढोबळी मिरची भरताच्या वांग्यासारखी थेट गॅसवर भाजायची, काळी साल काढायची, लांब पट्ट्या करून ऑलिव्ह तेल, मीठ आणि ठेचलेल्या लसणीत घालून ठेवायची. हे दोन पदार्थ आणि भाजलेल्या पावाचे तुकडे, झाला आन्तीपास्तो. दोन्ही आदल्या रात्री फ्रीजमध्ये जातात आणि जेवणाच्या तासभर आधी बाहेर येतात. फ्रीजमधून थेट टेबलावर मात्र नको. थंडगार तेलाला चव नसते.

आपेरितीवो सुटसुटीत ठेवा. या प्रथेत तोरीनो शहराचा मोठा वाटा आहे. तिथे १७८६ मध्ये आन्तोनियो बेनेदेत्तो कार्पानो यांनी औषधी वनस्पती घातलेली वेरमूत वाइन विकायला सुरुवात केली. आज कोणी काम्पारी-सोडा देतं, कोणी नुसता संत्र्याचा रस. आपल्याकडे ज्यांना चालते त्यांच्यासाठी नाशिकची वाइन आहे, बाकीच्यांना लिंबू-सोडा. बरोबर ऑलिव्ह आणि खारे दाणे. भजी, कटलेट, समोसे इथे आणू नका. पाहुणे तिथेच पोट भरून घेतात आणि पुढचं सगळं जेवण नावापुरतं उरतं.

आता पास्ता. पुढे सेकोन्दो असेल तर माणशी ८० ते ९० ग्रॅम कोरडा पास्ता पुरतो, म्हणजे आठ जणांना ७०० ग्रॅम. प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे : १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. सात लिटरचं पातेलं सगळ्यांकडे नसतं. दोन पातेल्यांत दोन शेगड्यांवर करा, उकळीही लवकर येते. पाण्यात तेल घालायचं नाही, कारण तेलकट पास्त्यावर सॉस टिकत नाही. शिजलेला पास्ता नळाखाली धुवायचा नाही, कारण त्याच्या अंगावरचा स्टार्चच सॉसला बांधून ठेवतो. पाकिटावर दहा मिनिटं लिहिली असतील तर आठव्या मिनिटाला एक शेंग किंवा एक धागा चाखून बघा. मध्ये अजून किंचित कणी असताना तो सॉसच्या कढईत घ्या, वाटीभर त्याचंच पाणी घाला आणि मोठ्या आंचेवर दोन मिनिटं परता. हे शेवटचं परतणं कधीही टाळू नका. निथळलेल्या पास्त्यावर सॉसचा डाव ओतला की दोन वेगळे पदार्थ एका बशीत पडतात. कढईत एकत्र परतले की त्यांचा एक पदार्थ होतो.

सॉससाठी मी मार्चेल्ला हाझान यांची कृती सुचवेन. त्यांचा जन्म १९२४ मध्ये चेझेनातिको या किनाऱ्यावरच्या गावी झाला. लग्नानंतर अमेरिकेत गेल्यावर त्या स्वयंपाकाला लागल्या आणि १९७३ च्या पहिल्या पुस्तकापासून त्यांनी अमेरिकेला घरगुती इटालियन जेवण शिकवलं. त्यांच्या या सॉसला चिरणं-परतणं नाहीच. साधारण ८०० ग्रॅम सोललेले टोमॅटो, ७० ग्रॅम लोणी, सोलून दोन फाकी केलेला एक कांदा आणि मीठ, मंद आंचेवर पाऊण तास. कांदा मग काढून टाकायचा. हे अर्ध्या किलो पास्त्याला पुरतं, आठ जणांसाठी दीडपट घ्या. घरी तूप कढवण्याआधीचं ताजं लोणी असेल तर फारच छान, विकतचं खारं बटर असेल तर मीठ शेवटी चाखून घाला. सॉस सकाळी केला तरी चालतो.

आता वेळ बघा. आठला बोलावलंय, तर आठ वाजता झाकण ठेवून पाणी चढवा. एवढ्या पाण्याला उकळी यायला अर्धा तास सहज जातो आणि तोपर्यंत आपेरितीवो चालतो. कोणी नऊला उगवलं तरी बिघडत नाही, पाणी थांबतं, सॉस थांबतो. सगळे टेबलाशी बसून आन्तीपास्तो संपत आला की पास्ता पाण्यात सोडा. इटलीत म्हणतात, पाहुण्यांनी पास्त्याची वाट पाहायची, पास्त्याने पाहुण्यांची नाही. स्वयंपाकघरातली धावपळ ती काय, एवढी बारा मिनिटं.

वर चीज किसण्याआधी मात्र थांबा. अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातल्या विरजणाने बनतं, पेकोरीनो रोमानो कोकराच्या. दोन्हींच्या नियमांतच तसं लिहिलेलं आहे. आपल्याकडे शाकाहारी माणसाला चीज म्हणजे दूधच वाटतं, आणि यजमानालाही हे ठाऊक नसतं. ज्याने विश्वासाने आपल्याकडे अन्न घेतलं त्याला ते काय आहे हे कळलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. सूक्ष्मजीवांपासून केलेल्या विरजणाची कडक चीजं मिळतात, त्यांच्या वेष्टनावर हिरवा ठिपका असतो. पण मला आवडतो तो दक्षिण इटलीतल्या गरीब घरांचा मार्ग. चीज परवडत नसे तेव्हा तिथे शिळ्या पावाचा चुरा तेलात लसणीबरोबर खमंग परतून पास्त्यावर भुरभुरत. सिसिलीत तो आजही मानाने वाढतात. त्याचा कुरकुरीतपणा मऊ पास्त्यावर फार सुरेख लागतो. जैन पाहुणे असतील तर लसूण वगळा, कांद्याऐवजी सॉसमध्ये तुळशीच्या कुळातल्या बेझिलची मूठभर पानं घाला. गोडातही दोन गोष्टी पाहा : पान्ना कोत्तात बहुधा जिलेटिन असतं, तिरामिसूत अंडी.

सेकोन्दोवर फार वेळ घालवू नका. आधी भाजून ठेवलेली वांग्याची ‘पार्मिजाना’ कोमटच चांगली लागते, मांसाहारी मंडळींसाठी टोमॅटो आणि ऑलिव्हमध्ये शिजवलेलं कोंबडीचं ‘काच्चातोरा’ दुपारीच करून ठेवता येतं. त्याबरोबर किंवा त्यानंतर हिरवी पानं, फक्त तेल, व्हिनेगर आणि मीठ लावून. या सॅलडला चार माणसं लागतात अशी तिकडची म्हण आहे : तेल घालायला उदार, व्हिनेगर घालायला कंजूष, मिठाला शहाणा आणि ढवळायला वेडा. ढवळण्याचं काम एखाद्या पाहुण्याला द्या. इटालियन टेबलावर पाहुण्याने उठून पाव कापणं, बाटली उघडणं यात यजमानाची अप्रतिष्ठा नाही.

फळं अख्खी वाडग्यात येतात, सुरीने सोलत सोलत खातात, आणि गप्पा खऱ्या इथे रंगतात. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी लिंबू-साखरेत अर्धा तास ठेवली की दुसरं गोड करायलाच नको. तिकडे पाहुणा अनेकदा मिठाईच्या दुकानातून छोट्या पेस्ट्रींचा ट्रे आणतो आणि तोच गोड म्हणून मांडला जातो. ‘काय आणू?’ असं कोणी विचारलं तर ‘काही नको’ म्हणू नका, गोड सांगा.

इटलीत बायकांवर ओझं नव्हतं असं मात्र समजू नका. नेपल्सचा रविवारचा रागू, म्हणजे मांसाचा टोमॅटो-सॉस, तासन् तास रटरटतो आणि त्याची तयारी शनिवारी सुरू होते. एदुआर्दो दे फिलिप्पो यांच्या १९५९ च्या ‘साबातो, दोमेनिका ए लुनेदी’ या नाटकात शनिवारी रागू चढतो, रविवारी जेवणाच्या टेबलावरच घर फुटायची वेळ येते, सोमवारी समेट होतो. त्या रागूमागचे कष्ट घरातल्या बाईचेच. म्हणून मी रविवारच्या मोठ्या जेवणापेक्षा कामाच्या दिवसातल्या या साध्या रात्रीच्या जेवणाच्या बाजूने आहे. सगळ्यांच्या बश्या भरल्या, यजमानीण बसली, ‘बुओन आपेतीतो’ म्हणाली, मगच पहिला घास. तिच्याशिवाय सुरुवात करणं तिथे असभ्य मानतात. आपल्या घरातही तिची खुर्ची आधी मांडा, आणि ती भिंतीकडची असू दे, दाराजवळची नको. दाराजवळ बसलेलं माणूस सारखं उठतं.

सॉस लागलेला पास्ता उरलाच तर फेकू नका. दुसऱ्या दिवशी फेटलेल्या अंड्यांत कालवून तव्यावर जाड धिरड्यासारखा दोन्हीकडून खरपूस भाजा. नेपल्समध्ये हीच ‘फ्रित्ताता दी माक्केरोनी’ डब्यात घालून समुद्रकिनाऱ्यावर नेतात.

जेवणानंतरची कॉफी आज मुद्दाम राखून ठेवली आहे. पुढच्या आठवड्यात : आल्फोन्सो बियालेत्ती यांचं १९३३ चं अष्टकोनी मोका भांडं, त्यात बिनदुधाची कॉफी कशी करायची, आणि इटलीच्या कपात कर्नाटकातली रोबस्टा कशी पोहोचते.