मेलेले जनावर कुणाचे?

रस्त्यावर गाडीखाली सापडून मेलेल्या जनावराचे कातडे काढून विकले तर तो गुन्हा होतो काय? समृद्धी महामार्गावरून काचा बंद करून जाणाऱ्या साहेबांना हा प्रश्न पडण्याचे कारण नाही. पण महामार्गालगत पाल ठोकून राहणाऱ्या फासेपारध्याला, कातडी गोळा करणाऱ्या ढोर-चांभार-मातंग बांधवाला आणि मेलेली गाय टेम्पोतून नेणाऱ्या मजुराला हा तुरुंगाचा प्रश्न आहे, आणि कधी कधी जिवाचा. म्हणून चळवळीच्या कार्यकर्त्यांनी तो नीट समजून घेतला पाहिजे.

कायद्याने मेलेल्या जनावरांचेही दोन वर्ण केले आहेत. एक रानातले, दुसरे गोठ्यातले.

रानातल्या जनावराला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. त्याचे कलम ३९ सांगते की, अनुसूचीतला वन्य प्राणी मेलेला आढळला किंवा चुकून मारला गेला, तरी तो सरकारची मालमत्ता होतो. ज्याच्या हाती ती मालमत्ता येईल त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवून ती ताब्यात दिली पाहिजे. लेखी परवानगीशिवाय ती जवळ ठेवता येत नाही, विकता येत नाही, कुणाला फुकटही देता येत नाही. कातडे, शिंग, दात, नख सारे यात आले. चितळाचे आपोआप गळून पडलेले शिंग उचलून विकणाराही यात सापडतो. मोराच्या शेपटीच्या पिसाला मात्र कायद्याने सूट दिली आहे.

यापुढचे कलम ५७ गरिबासाठी अधिक घातक आहे. कातडे तुमच्या ताब्यात सापडले एवढे सरकारने सिद्ध केले की, ते बेकायदेशीर आहे असे न्यायालय गृहीत धरते. ते तसे नाही हे आरोपीने सिद्ध करायचे! फौजदारी कायद्याचा सर्वसाधारण नियम इथे उलटा होतो. शिवाय ज्या मोटारसायकलवरून कातडे नेले ती मोटारसायकलही जप्त होते.

असाच एक खटला माझ्याकडे आला होता. पारधी समाजातला तरुण, ट्रकच्या धडकेने मेलेले चितळ पहाटे रस्त्याकडेला सापडलेले. मांस शिजले, कातडे पालावर वाळत घातले. त्याच्यावर शिकारीचे कलम लागले. चितळाच्या बरगड्या चुरा झाल्या आहेत, फासाची खूण नाही, गोळी नाही, असे आम्ही पंचनाम्यावरूनच दाखवले. शिकारीचा आरोप त्यामुळे लंगडा पडला. पण कलम ३९ शिल्लकच राहिले. कारण जनावर अपघातात मेले हे सिद्ध केल्यानेच ते ‘मेलेले आढळले’ या शब्दांत नेमके बसते! बचाव जितका खरा, तितका दुसरा गुन्हा पक्का. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. बिबट्या किंवा घोरपडीसारखा पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल तर कैद किमान तीन वर्षे, सात वर्षांपर्यंत, आणि दंड २५ हजारांच्या खाली नाही. ज्या ट्रकने चितळ मारले तो कागदोपत्री ‘अज्ञात वाहन’ राहिला. त्याचा शोध कुणी घेतल्याचे मला दिसले नाही.

हे कलम असूच नये, असे माझे म्हणणे नाही. मेलेल्या जनावराचे कातडे विकायची मुभा दिली तर प्रत्येक चोरटा शिकारी उद्या ट्रककडे बोट दाखवील आणि जंगल वर्षभरात रिकामे होईल. भगवान बुद्धांच्या धम्मात प्राणिमात्राला जागा आहे, ती आम्हाला कुणी शिकवायला नको. प्रश्न हा आहे की कायद्याचा हात पालापर्यंतच का पोहोचतो? २०१७ च्या डिसेंबरात नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ बाजीराव नावाचा वाघ वाहनाच्या धडकेने मेला. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर न्यायालयात भांडणे झाली तेव्हा रस्त्याखालून वाटा निघाल्या, आणि त्या वाटांनी वाघ-चितळ जातात याची छायाचित्रे आज उपलब्ध आहेत. म्हणजे करायचे ठरवले तर होते. पण पूल बांधायला पैसे लागतात, पारध्याला आत टाकायला लागत नाहीत.

आता गोठ्यातले जनावर. इथे कायदा आणि रस्ता यांची दिशाच बदलते.

मेलेल्या गाय-बैलाचे कातडे काढणे किंवा विकणे हा महाराष्ट्रात गुन्हा नाही. महाराष्ट्र प्राणी संरक्षण अधिनियमाची दुरुस्ती २०१५ मध्ये लागू झाली आणि बैल-वळूही बंदीत आले. पण तो कायदा बोलतो कत्तलीबद्दल, कत्तलीसाठी केलेल्या वाहतुकीबद्दल आणि त्या मांसाबद्दल. आजाराने किंवा अपघाताने मेलेल्या जनावराच्या कातड्याला त्यात कुठेही बंदी नाही. आरोपीनेच निर्दोष असल्याचे सिद्ध करावे असे सांगणारे त्यातले कलम ९-ब मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी घटनाबाह्य ठरवले.

कागदावर असे असताना रस्त्यावर काय झाले? १५ ऑक्टोबर २००२ रोजी हरयाणातल्या झज्जर जिल्ह्यात दुलीना पोलीस चौकीजवळ मेलेल्या गाईच्या कातड्यावरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमधल्या उनाजवळ मोटा समढियाळा गावात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या भावांना गाडीला बांधून सळयांनी मारले. ती गाय सिंहाने मारली होती, असे पुढे तपासात आले. सिंहाला कुणी जाब विचारला नाही! मग सुरेंद्रनगरच्या दलितांनी मेलेली जनावरे जिल्हाधिकारी कार्यालयासमोर आणून टाकली. एप्रिल २०१८ मध्ये उनाच्या त्या कुटुंबाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

मेले ढोर ओढणे हे आपल्या माणसांचे काम कुणी ठरवले? वतनाने ठरवले. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले, १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. कनिष्ठ गाववतने संपवणारा कायदा १९५८ चा. एवढे होऊनही गावात बैल मेला की निरोप कुठल्या वस्तीत येतो, हे वाचकांना सांगायला नको. म्हणून हे पाठच करून ठेवावे. अस्पृश्यतेच्या कारणावरून मेलेले जनावर ओढण्याची किंवा सोलण्याची सक्ती करणे नागरी हक्क संरक्षण अधिनियमाच्या कलम ७-अ प्रमाणे गुन्हा आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली; तिच्या कलम ३(१)(आय) प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मेलेले जनावर उचलायला लावल्यास सहा महिने ते पाच वर्षे शिक्षा आहे. हे काम नाकारणे आपला हक्क आहे.

ज्यांचे पोट अजून कातड्यावर आहे त्यांना मात्र नुसते ‘सोडा’ म्हणून भागत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, २०२५ मध्ये प्राडाने तिच्या नकलेवर मिलानमध्ये मिरवून घेतले. चामडे कमावणारा ढोर कुठल्याच फोटोत नाही. अशा बांधवांनी मालक सापडत असेल तर मेलेले जनावरही त्याचेच आहे, हे ध्यानात ठेवावे. मालक शोधता येत असताना परस्पर कातडे काढले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ चा अपहाराचा आरोप लागू शकतो. जनावराच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला असतो. त्याचा फोटो काढावा, मालकाची सहीची चिठ्ठी घ्यावी, ग्रामपंचायतीचा शिक्का घ्यावा, आणि चिठ्ठीची एक प्रत घरी ठेवून मगच गाडी हलवावी. वाटेत कुणी अडवले तर वाद घालू नये, ११२ ला फोन करावा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासणीची मागणी लेखी करावी. गळा कापला की जनावर आपणहून मेले, हे त्या अहवालात येते.

जमावाची हिंसा रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा समन्वय अधिकारी नेमा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी दिला. आपल्या जिल्ह्यात तो अधिकारी कोण आणि त्याचा फोन नंबर काय, हे माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपये लागतात. प्रत्येक तालुका शाखेने या महिन्यात असा एक अर्ज टाकावा आणि आलेले उत्तर वस्तीतल्या विहाराच्या फलकावर लावावे.