देणगीतला संगणक आणि पाच वर्षांचा खर्च

शाळेला किंवा सेवाभावी संस्थेला संगणक, प्रोजेक्टर अथवा टॅब देणारा दाता मिळणे ही महाराष्ट्रात आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. शासकीय योजना, कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, लोकप्रतिनिधींचा स्थानिक विकास निधी, गावची लोकवर्गणी, माजी विद्यार्थी आणि परदेशस्थ मराठी मंडळी असे मदतीचे अनेक मार्ग खुले आहेत. मात्र दात्याचा ओढा साहजिकच डोळ्यांना दिसणारी, फीत कापून सुपूर्द करता येणारी वस्तू देण्याकडे असतो, आणि शाळेची खरी ओढाताण त्या वस्तूच्या वीजबिलापासून, दुरुस्तीपासून आणि ती वापरू शकणाऱ्या शिक्षकाच्या तयारीपासून सुरू होते. म्हणून तंत्रज्ञानासाठी निधी मिळवण्याचे काम दाता शोधण्याआधी सुरू होते: कोणता खर्च एकदाच येणार, कोणता दरवर्षी येणार आणि त्यांपैकी कोणता भाग कोणत्या मार्गाने मिळू शकतो, याची मांडणी आधी करावी लागते.

ही मांडणी किती महत्त्वाची आहे, हे शासनाच्याच आकड्यांवरून दिसते. २०१८-१९ पासून केंद्र व राज्य यांच्या एकत्रित खर्चाने चालणाऱ्या 'समग्र शिक्षा' या योजनेत संगणक प्रयोगशाळेसाठी एका शाळेला एकदाच मिळणारा, म्हणजेच अनावर्ती, निधी ६ लाख ४० हजार रुपयांपर्यंत ठरवलेला आहे, तर दरवर्षी मिळणारा, म्हणजेच आवर्ती, निधी २ लाख ४० हजार रुपयांपर्यंत असून तो पाच वर्षे मिळतो. पाच वर्षांच्या आवर्ती निधीची बेरीज १२ लाख रुपये होते, म्हणजे यंत्रे विकत घेण्याच्या खर्चाच्या जवळजवळ दुप्पट. वीज, इंटरनेट, शैक्षणिक साहित्य आणि निदेशक यांचा खर्च धरूनच हे प्रमाण ठरलेले आहे. ज्या शाळेला एखाद्या दात्याकडून दहा संगणक मिळतात आणि आवर्ती खर्चाची काहीच तजवीज होत नाही, त्या शाळेच्या पदरात या हिशेबाने गरजेचा जेमतेम तिसरा हिस्सा पडलेला असतो, आणि उरलेला भार मुख्याध्यापकांच्या खिशावर किंवा गावाच्या वर्गणीवर येतो.

लोकवर्गणीचा मार्ग महाराष्ट्राच्या चांगल्या परिचयाचा आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातली पाष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळा टॅबवर शिकणाऱ्या मुलांमुळे नावारूपाला आली आणि त्यानंतर राज्यभर लोकसहभागातून शाळा 'डिजिटल' करण्याची लाट आली. या मार्गाला कायद्याचा आधार देणारी यंत्रणा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने स्थापन झालेल्या या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेला मिळणाऱ्या निधीच्या विनियोगावर देखरेख ठेवणे हे तिचे काम आहे. देणगी स्वीकारण्याचा ठराव समितीच्या इतिवृत्तात असणे, रक्कम बँक खात्यातूनच फिरणे आणि मिळालेली प्रत्येक वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे ज्याला शाळेत सर्रास 'डेडस्टॉक' म्हणतात त्या वहीत, अनुक्रमांक, किंमत व दात्याच्या नावासह चढणे, या तीन गोष्टी पाळल्या तर पुढच्या दात्याला दाखवण्यासाठी वेगळा पुरावा गोळा करावा लागत नाही. नोंद नसलेला संगणक चोरीला गेला तर तक्रार करताना अडचण येते, आणि नोंद असूनही बंद पडलेला संगणक रीतसर निर्लेखित केला नाही, म्हणजे वापरातून बाद झाल्याचे ठरवून नोंदीतून काढला नाही, तर तो वर्षानुवर्षे कपाटातली जागा अडवून बसतो.

दात्यांशी गाठ घालून देणारे एक सरकारी साधनही उपलब्ध आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये नव्या रूपात आणलेल्या 'विद्यांजली' या उपक्रमात शासकीय व अनुदानित शाळा आपल्या यू-डायस क्रमांकाच्या, म्हणजे प्रत्येक शाळेला दिलेल्या अकरा अंकी ओळख क्रमांकाच्या, आधारे नोंदणी करून आपली गरज जाहीर करतात आणि इच्छुक व्यक्ती किंवा कंपनी वस्तू अथवा सेवा देऊ करते. सेवा हा येथे दुर्लक्षित राहणारा भाग आहे, कारण संगणक दुरुस्त करून देणारा, शिक्षकांना आठवड्यातून एकदा शिकवणारा किंवा जुन्या यंत्रांवर नवी प्रणाली बसवून देणारा स्वयंसेवक हा आवर्ती खर्चाचाच एक तुकडा उचलत असतो.

मोठी रक्कम मात्र बहुधा कंपन्यांकडून येते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. हाच व्यवहारात 'सीएसआर' या नावाने ओळखला जाणारा निधी. हा निधी ज्या कामांवर खर्च करता येतो त्यांची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत असून शिक्षणाचा तीत समावेश आहे, आणि कंपनीने आपल्या कारखान्याच्या वा कार्यालयाच्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायदा सांगतो. त्यामुळे चाकण, बुटीबोरी किंवा वाळूज येथील औद्योगिक वसाहतीलगतच्या शाळेने मुंबईतल्या मुख्यालयाला पत्र धाडण्याआधी शेजारच्या कारखान्याच्या मनुष्यबळ विभागाचे दार ठोठावणे शहाणपणाचे ठरते.

कंपनी हे काम स्वतः करू शकते किंवा संस्थेमार्फत करून घेऊ शकते. संस्थेमार्फत काम झाल्यास त्या संस्थेकडे धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणीखेरीज सर्वसाधारणपणे तीन गोष्टी लागतात: संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी देणारी '१२ए' नोंदणी, दात्याला करवजावट मिळवून देणारी '८०जी' नोंदणी आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा झालेला 'सीएसआर-१' अर्ज भरून मिळणारा क्रमांक. शिवाय तशाच स्वरूपाच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. प्राप्तिकर कायदा, २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी बोलण्यात जुनी नावेच रूढ आहेत. नव्या संस्थेला ही तीन वर्षांची अट आडवी येते, आणि अशा वेळी एखाद्या अनुभवी संस्थेच्या प्रकल्पात सहभागी होणे हा सरळ मार्ग ठरतो.

सीएसआरच्या नियमांतल्या दोन तरतुदी तंत्रज्ञानाच्या मागणीशी थेट निगडित आहेत, तरीही त्या अर्जदारांच्या फारशा ध्यानात येत नाहीत. पहिली मालकीची आहे. या निधीतून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. ती नोंदणीकृत संस्थेकडे, लाभार्थ्यांच्या समूहाकडे किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडे असावी लागते. म्हणून लॅपटॉप कोणाच्या दप्तरी चढणार, हे करारातच स्पष्ट असावे. दुसरी तरतूद मुदतीची आहे. 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर झालेले काम सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालवता येते आणि त्यासाठीची न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवता येते. याचा अर्थ असा, की देखभाल करार, इंटरनेट आणि शिक्षक-प्रशिक्षण यांसाठी अनेक वर्षांचा निधी मागण्यास कायद्याची आडकाठी नाही. प्रशासकीय खर्चावरची ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या कारभाराला लागू आहे, तर प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्यासाठी दिलेले प्रशिक्षण हा प्रकल्पाचाच खर्च होय. तरीही मार्चअखेर निधी संपवण्याच्या घाईत कंपनी एकरकमी खरेदीला पसंती देते, आणि त्या वेळी हाती तयार आराखडा नसलेली शाळा मिळेल ते पदरात पाडून घेते. एप्रिल ते जून या काळात, म्हणजे कंपन्यांची वार्षिक आखणी चालू असताना, केलेली मागणी अधिक विचारपूर्वक वाचली जाण्याची शक्यता असते.

वैयक्तिक दात्यांच्या बाबतीत करवजावटीची माहिती अचूक द्यावी लागते, नाहीतर पुढे गैरसमज होतात. ८०जी खाली वजावट मिळते ती पैशाच्या देणगीला. जुना संगणक किंवा नवा टॅब वस्तुरूपाने दिल्यास ती मिळत नाही, २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीलाही मिळत नाही, आणि दात्याने नवी करप्रणाली स्वीकारली असेल तर हा लाभ मुळातच उपलब्ध नसतो. परदेशातून येणाऱ्या पैशाचे नियम त्याहून कडक आहेत. एकाच शाळेचे दोन माजी विद्यार्थी अमेरिकेत राहतात असे मानले, तर भारतीय नागरिकत्व कायम ठेवलेल्याने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठवलेली रक्कम विदेशी अंशदान ठरत नाही. अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्याची तेवढीच रक्कम मात्र ठरते. विदेशी अंशदान स्वीकारण्यासाठी २०१० च्या 'एफसीआरए' कायद्याखाली केंद्रीय गृह मंत्रालयाची परवानगी लागते, पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास मनाई आहे. त्यामुळे परदेशस्थ मंडळाने मोठ्या संस्थेला निधी द्यावा आणि तिने तो गावच्या छोट्या संस्थेला वाटावा, हा पूर्वीचा मार्ग आता बंद झाला आहे.

सगळी मदत पैशाच्या किंवा यंत्राच्या रूपात येते असेही नाही. सॅन फ्रान्सिस्को येथे १९८७ मध्ये सुरू झालेली आणि आज 'टेकसूप' या नावाने भारतातही काम करणारी संस्था सॉफ्टवेअर कंपन्यांची उत्पादने पात्र संस्थांना अल्प शुल्कात मिळवून देते. गूगलच्या सेवाभावी संस्थांसाठीच्या योजनेत ईमेल व दस्तऐवजांची सेवा विनामूल्य मिळते आणि दरमहा १०,००० डॉलरपर्यंतच्या शोध-जाहिराती मोफत करता येतात. शाळांना मात्र ही योजना लागू नसून त्यांच्यासाठी वेगळी शैक्षणिक सेवा आहे. अशा देणग्यांच्या अटी देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असतात. मायक्रोसॉफ्टने संस्थांना मोफत मिळणारे 'बिझनेस प्रीमियम'चे परवाने २०२५ मध्ये बंद केले, तेव्हा त्यांवर विसंबलेल्या संस्थांना एक तर पैसे मोजणे किंवा साध्या आवृत्तीवर येणे एवढेच पर्याय उरले. उबुंटू किंवा लिब्रेऑफिस यांसारख्या मुक्त सॉफ्टवेअरला परवान्याची ही टांगती तलवार नसते, पण ते बसवणारा आणि शिकवणारा माणूस लागतो.

जुन्या संगणकांच्या देणगीबाबत अधिक सावध राहावे लागते. कार्यालये यंत्रे बदलतात तेव्हा शाळांना ती देऊ करतात. परंतु विंडोज १० या प्रणालीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेक जुनी यंत्रे विंडोज ११ पेलू शकत नाहीत. अशा यंत्रांवर लिनक्स बसवण्याची सोय नसेल, तर वर्षभरात ती भंगारात जमा होतात, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार त्यांची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे लावण्याची झंझट शाळेच्या माथी येते. यंत्राचे वय, स्मृतीची क्षमता, बॅटरीची स्थिती, सोबतचा चार्जर आणि जुनी माहिती पूर्णपणे पुसल्याची खात्री या गोष्टी विचारून मगच होकार देणे योग्य.

प्रस्ताव लिहितानाही हाच विवेक कामी येतो. 'आमच्या शाळेस दहा संगणक मिळावेत' या वाक्यातून दात्याला किमतीपलीकडे काही कळत नाही. त्याऐवजी सहावी ते आठवीच्या किती मुलांना आठवड्यातून किती तासिका मिळतील, कोणते शिक्षक त्या घेतील, खोलीत वीजजोड, अर्थिंग आणि इन्व्हर्टर आहे की नाही, खिडक्यांना जाळी आहे का, वस्तू व सेवा कर धरून तीन दरपत्रकांनुसार किंमत किती, दुसऱ्या वर्षापासूनचा खर्च किती आणि त्यातला कोणता वाटा ग्रामपंचायत वा पालक उचलणार, हे एका पानावर आले, तर दात्याला निर्णय घेणे सोपे जाते. गरज तपासताना कधीकधी यंत्रांची संख्याच कमी होते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यामागे पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याची त्यांची कल्पना होती. तिचा आधार छापील पुस्तक आणि घरात असलेला मोबाइल हाच होता.

निधी मिळाल्यानंतर विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, वेळेवर देणे आणि वापराची नोंद ठेवणे ही पुढच्या मागणीची पायाभरणी असते. प्रयोगशाळेच्या दारातल्या वहीत रोजची तासिका, वर्ग आणि बंद यंत्रांची संख्या लिहिली गेली, तर तीच वही वार्षिक अहवालाचे काम करते. आणि ज्या देणगीसोबत चालवण्याच्या खर्चाची कोणतीही सोय येत नाही व शाळेलाही ती करता येत नाही, ती आभार मानून नाकारण्याचा अधिकार व्यवस्थापन समितीला आहे. असा नकार ठरावात कारणासह नोंदवला, तर तोच दाता पुढच्या वर्षी यंत्राऐवजी देखभालीचा खर्च देण्यास तयार होण्याची शक्यता वाढते.