तापीचा गाळ आणि इतिहास

पदवीनंतर पर्यावरण आणि सांस्कृतिक इतिहास एकत्र शिकविणारे प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतात. "त्यातून मुलाला काय मिळणार?" असे पालक आम्हाला विचारतात. आपल्या हजिऱ्याचेच पाहा. तापीच्या मुखाशी गाळ साचे, मोठी जहाजे सुरतेपर्यंत जात नसत, म्हणून ती शेजारच्या सुवालीला नांगर टाकीत. तिथेच १६१२ मध्ये इंग्रज-पोर्तुगीज लढाई झाली. म्हणजे गाळ समजल्याशिवाय ती लढाईही समजत नाही! पुढे १९७२ मध्ये उकाई धरण झाले. तरीही ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग बुडाला. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून तेव्हा पाणी कुठवर चढले ते लिहून आणावे. ती वही आम्ही शाळेच्या ग्रंथालयात ठेवू.