पोटाचं दुखणं आणि न सांगितलेली गोष्ट

बाईचं आरोग्य : लेखांक ७

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस, कसा ओळखतात ते मागच्या लेखात पाहिलं. आठवड्यातून निदान एकदा पोट दुखतं, त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असतो, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ. तपासणीत मात्र जखम, सूज काही सापडत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे म्हणतात, "तुला काही झालेलं नाही." बाई गप्प बसते आणि आणखी एक त्रास मनातच ठेवते.

तो त्रास शरीरसंबंधांचा. आयबीएस असलेल्या बायकांमध्ये संबंधाच्या वेळी दुखणं आणि इच्छा कमी होणं जास्त आढळतं, असं अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. या आजारात जगण्याची प्रत मोजायला १९९८ पासून ३४ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. तिच्यात शरीरसंबंधांचा वेगळा विभाग आहे. आपल्या दवाखान्यांत मात्र हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

संबंधाच्या वेळच्या या दुखण्यामागे शरीराचं कारण आहे. मूत्राशय, योनिमार्ग आणि गुदद्वार यांना ओटीपोटाच्या तळाशी असलेले तेच स्नायू आधार देतात. वर्षानुवर्षं कुंथावं लागलं किंवा शौच दाबून धरावं लागलं, की हे स्नायू सैल पडायचं विसरतात. मग संबंधाच्या वेळी तेच आखडतात आणि दुखतं. शिवाय आयबीएसमध्ये आतड्याच्या नसा फार हळव्या झालेल्या असतात. साधा गॅसही कळ आणतो. पाळीच्या दिवसांत हे सगळं वाढतं. एकदा दुखलं की पुढच्या वेळेची धास्ती बसते आणि त्या ताणानं पोट पुन्हा बिघडतं.

जालन्यात मस्तगडसारख्या जुन्या, दाट वस्तीत यात घराचीही भर पडते. खोल्या लहान, माणसं जास्त, संडास एकच. पाण्याची ओढ असली की बाई पाणी कमी पिते आणि सगळ्यांचं आटोपेपर्यंत थांबते. पोट फुगलेलं, आवाज होईल याची लाज, भिंतीपलीकडे सासू-सासरे. अशात जवळीक नकोशी वाटली तर तिचा दोष काय?

उपाय आहेत. बद्धकोष्ठाला भरपूर पाण्यासोबत इसबगोल उपयोगी पडतं. कांदा, लसूण, गहू, हरभरा यांनी गॅस धरत असेल तर आहारतज्ज्ञाच्या सल्ल्यानं काही आठवडे ते कमी करून बघावं. गव्हाऐवजी ज्वारीची भाकरी अनेकींना सोसते. आखडलेल्या स्नायूंसाठी फिजिओथेरपी असते. आयबीएसवर नैराश्याची काही औषधं कमी मात्रेत देतात. त्यांनी कधी इच्छा मंदावते. तसं झालं तर औषध परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. संबंधाच्या वेळी खोलवर दुखत असेल किंवा पाळी असह्य होत असेल, तर एंडोमेट्रिओसिस हा गर्भाशयाच्या अस्तराशी संबंधित आजार नाही ना, हे स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्या. शौचातून रक्त जाणं, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त कमी होणं ही लक्षणं आयबीएसची समजून अंगावर काढू नका.

र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून शरीरसंबंधांचा विषय उघडपणे मराठीत मांडला. डॉक्टरांनी पोटाचं विचारताना हेही विचारावं. नवऱ्यानं दुखणं खरं मानावं. आणि मैत्रिणींनो, पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की एवढं एक वाक्य नक्की बोला : "पोटाच्या त्रासामुळे संबंधाच्या वेळीही दुखतं." उपचार तिथूनच सुरू होतात.